झाकणाचा टवका

किल्लेदार हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. खरा किल्ला त्यांनी पाहिला होता तो फक्त कॅलेंडरवर. पण बाजारामागच्या गल्लीत, चष्म्याच्या दुकानाला खेटून असलेल्या अरुंद गाळ्यात ते किल्ल्या बनवत, आणि शेजारच्या चष्मेवाल्याला कोट्या करण्याची भारी खोड. त्यानं एकदा गमतीत हाक मारली, "काय किल्लेदार, आज कोणता गड घेतला?" ते नाव असं काही चिकटलं की दुकानावरच्या पाटीतलं खरं नाव वाचायचं कुणाला कारणच उरलं नाही.

गाळ्यात किल्ली कापायचं यंत्र, एक उंच स्टूल, ओशट लाकडी टेबल, आणि मागच्या भिंतीवर खिळे ठोकलेला एक मोठा फळा. त्या फळ्यावर गल्लीतल्या निम्म्या घरांच्या जादा किल्ल्या टांगलेल्या असायच्या. "राहू दे एक तुमच्याकडे, आमचं काय, आम्ही वेंधळे," असं म्हणून लोक ठेवून जायचे. कोणत्या खिळ्यावर कोणाचं घर, हे किल्लेदारांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. कुठे काही लिहिलेलं नव्हतं. या फळ्याकडे पाठ करून बसताना त्यांची पाठ जरा जास्तच ताठ व्हायची.

धंदा त्यांना मामानं शिकवला. मामाची शिस्त कडक. दार उघडलं की दोन पावलं मागे सरायचं, घरच्या माणसाला आधी आत जाऊ द्यायचं, आणि आपली नजर कुलपावरून हलू द्यायची नाही. "आत पलंगावर सोनं पसरलेलं असो की धुणं, आपल्याला काही दिसलेलं नाही," असं मामा म्हणायचा. किल्लेदारांनी हे तंतोतंत पाळलं आणि पाळतो म्हणून चारचौघांत सांगितलंही. चष्मेवाल्याकडे चहा पिताना विषय कुठलाही निघो, ते फिरवून फिरवून तिथेच आणायचे. "माणसाचा हात चांगला असून भागत नाही, डोळा चांगला लागतो." चष्मेवाला म्हणायचा, "मग या ना तपासायला, सूट देतो."

तर अशा या माणसाची बायको त्या हिवाळ्यात घरी नव्हती. मुलीला जुळं झालं होतं, आणि एका बाळाला थोपटून निजवेपर्यंत दुसरं उठत होतं. बायको निघाली तेव्हा दारात थांबून तिनं विचारलं होतं, "अहो, तुमचं जमेल ना?" किल्लेदार वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "जा गं. माझं काय अडतंय?" बायकोनं शब्द खरा मानला आणि गेली. गेली ती गेलीच. रोज फोन यायचा, मागे दोन्ही बाळं एका सुरात रडत असायची, आणि ती विचारायची, "जेवलात का?" "मस्त जेवलो," असं किल्लेदार सांगायचे, आणि समोरच्या ताटलीत पाव आणि उकडलेलं अंडं असायचं. कधी अंडंही नसायचं. स्वयंपाकघरात जाऊन एकट्यासाठी काही शिजवायचं, हे त्यांना जमत नव्हतं. आणि जमत नाही हे सांगणं तर त्याहून जमत नव्हतं. पँट कमरेत सैल झाली, पट्ट्याला नवं भोक पडलं. ते त्यांनी दुकानातल्या ड्रिलनं पाडलं.

अशात एके दुपारी पलीकडच्या इमारतीतून बोलावणं आलं. तिसऱ्या मजल्यावर एक ताई राहायच्या, कपडे शिवून आणि उसवून देणाऱ्या. साठी उलटलेली, लग्न न केलेली, बोलणं मोजकं पण मायेचं. किल्लेदार पिशवी घेऊन पोहोचले तेव्हा ताई घरातल्या सपाता घालून, हातात रिकामी कचऱ्याची बादली धरून, जिन्यावर कुडकुडत उभ्या होत्या.

"कचरा टाकायला म्हणून बाहेर आले आणि दार मागे लागलं," त्या म्हणाल्या. "आणि आजच. आज माझा भाऊ यायचाय दवाखान्यातून."

किल्लेदारांनी प्लॅस्टिकची पातळ पट्टी दाराच्या फटीत सरकवली, खांद्यानं हलकेच रेटलं, आणि दार उघडलं. ताईंनी तोंडाला हात लावला.

"एवढंच?"

"एवढंच. म्हणूनच सांगतो ताई, हे लॅच बदला. मला जमलं ते उद्या आणखी कुणालाही जमेल."

आणि सवयीप्रमाणे ते दोन पावलं मागे सरले. पण दार उघडलं तसा आतून एक वास आला, आणि वासाला काही मामाची शिस्त माहीत नव्हती. कोंबडी, कांदा, गाजर, मिरी, आणि या सगळ्यांचं कितीतरी वेळ एकमेकांत मुरणं. तो वास जिन्यापर्यंत आला आणि किल्लेदारांच्या पोटात असं काही तुटलं की ते आवाज लपवायला उगाच खाकरले.

ताईंनी लॅच बदलायला सांगितलं. दाराशी उकिडवे बसून ते जुने स्क्रू काढू लागले आणि ताई आतबाहेर करत बोलत राहिल्या. भावाच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं. इतके दिवस नळीनं नाहीतर पाण्यासारखं काहीतरी, आणि आज डॉक्टरांनी पहिल्यांदा सांगितलं होतं की घरचं सूप चालेल.

"म्हणून सकाळी उठल्या उठल्या लावलंय," त्या म्हणाल्या. "हा स्लो कुकर भाचीनं दिलाय मला. आधी वाटलं, काय हे खूळ. पण बरा आहे. चिनी मातीचं जाड भांडं, खाली विजेची मंद आच. सगळं चिरून घालायचं, पाणी घालायचं, झाकण लावायचं आणि शिवायला बसायचं. कोंबडी इतकी मऊ होते की हाडावरून आपोआप सुटते. भावाला चावायची ताकद नाही हो अजून."

"आणि ढवळावं नाही लागत?"

"छे! झाकण उघडलंत की आतली सगळी ऊब गेली, मग परत जागेवर यायला वेळ घेतं. रुसूबाई आहे ती. मी स्वतः सकाळपासून हात लावलेला नाही."

तेवढ्यात खालून गाडीचा हॉर्न वाजला. ताई खिडकीशी धावल्या. भाऊ आला होता. त्याची मुलगी त्याला घेऊन आली होती, आणि एकटीला जिना चढवणं शक्य नव्हतं.

"मी खाली जाते," ताई खांद्यावर शाल टाकत म्हणाल्या. "दार उघडंच राहू दे. तुम्ही आहात म्हटल्यावर मला कसली काळजी?"

त्या गेल्या. किल्लेदारांनी शेवटचा स्क्रू पिळला, लॅच दोनदा फिरवून पाहिलं. काम झालं होतं. हाताला वंगण लागलं होतं, आणि हात धुवायला हवे होते. मी हात धुवायलाच आत गेलो, असं त्यांनी नंतर स्वतःला कितीदा तरी सांगून पाहिलं. पण हात पुसायला पिशवीत फडकं होतं, आणि ते तिथं आहे हे त्यांना आत जातानाही माहीत होतं.

स्वयंपाकघर लहान आणि लख्ख होतं. ओट्यावर तो कुकर होता. काचेच्या झाकणावर आतून वाफेचे थेंब जमून हळूहळू ओघळत होते. खाली सोनेरी पाण्यात गाजराच्या चकत्या जागच्या जागी थरथरत होत्या. किल्लेदारांनी नळ सोडला, हात धुतले, नळ बंद केला. मग जिन्याकडे कान दिला. खाली कुठेतरी ताईंचा आवाज येत होता, "सावकाश, सावकाश, घाई नाही." त्यांनी झाकण उचललं.

वाफ तोंडावर आली. शेजारी डाव होता. एकच घोट, एवढंच त्यांच्या मनात होतं. तो एक घोट घशातून खाली उतरला आणि त्यांचे डोळे भरून आले. वाफेनं की कशानं, कोण जाणे. मग दुसरा घोट. मग डावात कोंबडीचा तुकडा आला. तो त्यांनी बोटांनी उचलून तोंडात टाकला. टाळू भाजली तरी थांबले नाहीत. मग बटाटा. साठीला टेकलेला, गल्लीभर ज्याच्या शब्दाला मान असा माणूस परक्या ओट्याशी वाकून, कोपर वर करून, भांड्यातून डावानं ओरपत होता. हनुवटीवरून थेंब गळत होते, ते बाहीनं पुसत होता.

जिन्यावर पावलं वाजली. अगदी जवळ. वरच्या वळणावर.

किल्लेदारांनी दचकून झाकण उचललं. ते गरम आणि ओलं होतं, हातातून निसटलं आणि नळावर आपटलं. टिंग असा लहानसा आवाज झाला. त्यांनी झेललं, फुटलं नाही म्हणून जीव भांड्यात पडला, आणि मग पाहिलं. कडेचा नखाएवढा टवका उडाला होता. ओट्यावर नाही. खाली फरशीवर नाही. सिंकमध्ये पाणी साचलेलं, काही दिसेना. आणि कुकर तर उघडाच होता, नळापासून हातभर अंतरावर.

सिंकमध्येच गेला असणार, असं त्यांनी ठरवलं. झाकण लावलं आणि तुटकी कड भिंतीकडे फिरवली. माणसं आत आली तेव्हा ते दाराशी उकिडवे बसले होते आणि हत्यारं पिशवीत भरत होते.

भाऊ म्हणजे चादरीत गुंडाळलेला हाडांचा सांगाडाच होता. पण उंबऱ्याशी येताच त्यानं मान वर केली, नाक फुलवलं, आणि खोल गेलेल्या डोळ्यांत काहीतरी हललं. "ताई," तो म्हणाला, "अगं, वास काय सुटलाय!" ताई हसल्या. त्यांनी किल्लेदारांच्या हातात मजुरी ठेवली, आभार मानले आणि नव्या किल्ल्या घेतल्या. किल्लेदार काहीतरी पुटपुटले आणि जिना उतरू लागले.

जिना उतरताना ते स्वतःशी भांडत होते. काच सिंकमध्ये पडली. नाही पडली तर? पडलीच. आणि गाळून देतील ना, आजारी माणसाला गाळूनच देतात. पण कोंबडीचे मऊ तुकडे द्यायचं ठरलं होतं, ते कसे गाळणार? वाढताना झाकण उघडतील, तेव्हा दिसेलच टवका. आणि नाही दिसला तर? तो आपण भिंतीकडे फिरवून आलो ना. ते खाली आले, सायकलला पिशवी अडकवली, कुलूप काढलं, आणि एक पाय पेडलवर ठेवून तसेच उभे राहिले. मग सायकल तिथंच आडवी टाकून ते वर धावले. धावायची सवय जाऊन कित्येक वर्षं झाली होती. तिसऱ्या मजल्यावर पोहोचले तेव्हा छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

दार भाचीनं उघडलं. मागे टेबलाशी भाऊ बसला होता, पुढ्यात वाटी होती, आणि चमचा तोंडाजवळ गेला होता.

"थांबा! खाऊ नका! भाऊ, खाऊ नका ते!"

चमचा खाली आला. तिघंही त्यांच्याकडे बघत राहिले.

"झाकणाचा टवका उडालाय," किल्लेदार धापा टाकत म्हणाले. "काच त्यात पडलेली असू शकते."

ताई आत गेल्या, झाकण घेऊन आल्या, बोट कडेवरून फिरवलं. बोट एका जागी थांबलं.

"तुम्हाला कसं कळलं?" भाचीनं विचारलं.

त्या प्रश्नाचं उत्तर तयार करायचं ते जिन्यात विसरले होते. "माझ्या हातून उडाला."

"तुम्ही तर दाराशी होता."

"आत गेलो होतो. हात धुवायला."

ताईंनी फक्त आतल्या ओट्याकडे पाहिलं. डाव तिथंच पडला होता, त्याला गाजराचा तुकडा चिकटलेला, आणि ओट्यावरून कडेपर्यंत थेंबांची एक ओळ. मग त्यांनी किल्लेदारांच्या बाहीकडे पाहिलं.

"खाल्लंत?" त्यांनी हळू विचारलं.

किल्लेदारांनी मान हलवली. वर करून नव्हे, होती तशी खाली ठेवूनच.

"अहो, भूक लागली होती तर मागायचं होतं. वाटीभर दिलं नसतं का मी?"

भाची चिडली, जे काय बोलायचं ते बोलली. "आत्या, या माणसाच्या हातात तू घर सोडून खाली आलीस! हा अजून कुठे कुठे हात घालून आला असेल?" त्यातला शब्द न् शब्द किल्लेदारांनी ऐकून घेतला, आणि त्यातलं त्यांना काही लागलं नाही. तिचं ते बरोबरच होतं. लागलं ते ताईंचं वाक्य. ओरडल्या असत्या तर निदान काहीतरी फिटल्यासारखं वाटलं असतं.

ताईंनी सूप गाळून पाहिलं, चाळणीत काही सापडलं नाही. पण टाके घातलेल्या पोटाच्या माणसाला 'बहुधा नसेल' म्हणून कोण देणार? त्यांनी भांडं दोन्ही हातांनी उचललं आणि सिंकमध्ये ओतलं. दिवसभराचं ते सूप गटगट करत खाली जाऊ लागलं आणि घरभर पुन्हा तोच वास पसरला. भावानं चमचा टेबलावर सरळ ठेवला. "असू दे ताई," तो म्हणाला, "दूध-पाव चालेल मला." किल्लेदारांनी खिशातून मजुरी काढून टेबलावर ठेवली. ताईंनी ती परत त्यांच्या हातात दिली. "लॅच बसवलंत ना? मग हे तुमचंच आहे."

घरी आल्यावर त्यांनी कपडे बदलले. दुमडलेली बाही सोडवली तर फरशीवर काहीतरी टिणकन पडलं. वाकून पाहिलं तर काचेचा तो टवका. सगळा वेळ तो त्यांच्या बाहीच्या घडीत होता. सूप स्वच्छ होतं. भावानं ते सगळं खाल्लं असतं तरी त्याच्या केसालाही धक्का लागला नसता.

आणि पहिला विचार मनात आला तो असा, की बाही आधी झटकली असती तर कुणाला काही कळलंच नसतं.

तो विचार आला तसा किल्लेदार पलंगावर बसले. चोरून खाल्लं, त्याला भूक हे कारण तरी होतं. या विचाराला कसलंच कारण नव्हतं. तो त्यांचा स्वतःचा होता, आणि किती झटकन आला होता. ते आरशासमोरून गेले नाहीत, दिवा न लावताच झोपले.

पुढच्याच दिवशी त्या इमारतीशी बाजारातल्या दुसऱ्या कुलूपवाल्याची गाडी उभी दिसली. नवंकोरं लॅच निघालं आणि त्याच्या जागी आणखी एक नवंकोरं बसलं. भाचीचंच काम ते. मग दुकानात एकेक जण येऊ लागला. "ती आमची किल्ली जरा हवी होती, पाहुणे येणारेत." "ती जादाची द्या हो, आमची घरातली सापडत नाहीये." किल्लेदार उठायचे, खिळ्यावरून किल्ली काढून द्यायचे. त्यातल्या कुणाच्या घरी खरंच पाहुणे असतील, कुणाची किल्ली खरंच हरवली असेल. विचारणार कसं? प्रत्येक माणूस दुकानाची पायरी चढला की त्यांच्या कानाच्या पाळ्या तापायच्या. फळ्यावर मोकळे खिळे दिसू लागले. ते आता फळ्याकडे तोंड करून बसत.

चष्मेवाल्याला कळलं होतंच. दोन दिवस त्यानं एकही कोटी केली नाही, आणि किल्लेदारांना ते सगळ्यात जड गेलं. तिसऱ्या दिवशी चहा घेऊन आला आणि म्हणाला, "माझी किल्ली तिथंच राहू द्या. माझ्या घरी शिजतच नाही काही चोरण्यासारखं." किल्लेदारांना हसू आलं नाही, पण चहा गिळता आला.

त्या संध्याकाळी बायकोचा फोन आला. मागे नेहमीसारखा रडारडीचा गोंधळ.

"जेवलात का?"

"नाही," किल्लेदार म्हणाले.

पलीकडे बाळ कुणाकडे तरी दिल्याचा आवाज आला, दार लागल्याचा आवाज आला. "काय झालं?"

त्यांनी सगळं सांगितलं. पाव, पट्ट्याचं भोक, ताईंचं घर, डाव, टवका, बाही. आणि तो पहिला विचारसुद्धा. सांगताना त्यांनी भिंतीकडे तोंड केलं होतं, जणू ती समोरच बसली होती.

"लोकांच्या भांड्यात तोंड घातलंत," बायको म्हणाली, आणि तिचा आवाज कापत होता. रागानं की रडू येत होतं म्हणून, कळेना. "पण मला एकदा 'ये' म्हणाला नाहीत. मी रोज विचारत होते हो. रोज. आणि तुम्ही मस्त जेवत होता!"

"तुला तिकडे त्रास नको म्हणून..."

"त्रासाचं नाव पुढे करू नका. तुमचं अडतं हे मला कळलं तर तुमचं काय कमी होणार होतं?"

बायकोनं नाक पुसलं आणि वेगळ्याच आवाजात विचारलं, "काय काय होतं त्या सुपात?"

झाकण बदलून द्यावं म्हणून किल्लेदार भांड्यांच्या दुकानात गेले. नुसतं झाकण मिळत नाही, अख्खा कुकर घ्यावा लागेल, असं कळलं. त्यांनी अख्खा घेतला, खोका सायकलच्या मागे बांधला आणि ताईंच्या दारी उभे राहिले. ताईंनी दार उघडलं. साखळी लावलेलीच होती. त्यांनी ती काढली नाही, पण दार लोटलंही नाही.

"माझ्या दुसऱ्या पातेल्याचं झाकण बसतंय त्याला," त्या फटीतून म्हणाल्या. "हा तुम्हीच ठेवा. घरी करून खात जा."

"मला येत नाही ताई."

ताईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग उभ्या उभ्याच सांगू लागल्या. कांदा जाड चिरायचा, बारीक केला तर विरघळून जातो. गाजर, बटाटा तळाशी, कारण ते उशिरा शिजतात, कोंबडी त्यावर. मूठभर बार्ली, आणि ती आधी धुवायची. मिरी ठेचून, पण बेतानं. पाणी बुडेल इतकंच. मीठ शेवटी चाखून. "आणि झाकण..." एवढं म्हणून त्या थांबल्या. "ते तुम्हाला माहीत आहे," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

टवका खिशातल्या कागदात गुंडाळलेला होता. सूप चांगलं होतं, हे सांगावं म्हणून त्यांनी तो आणला होता. पण हे सांगून ताईंना काय मिळणार होतं? ओतून दिल्याची हळहळ, एवढंच. ते तसेच खाली उतरले आणि टवका वाटेतल्या कचराकुंडीत टाकला.

कुकर दुकानात ठेवला. घरी सगळा दिवस तो एकटाच राहिला असता. किल्ली कापताना पितळेचा भुगा उडतो, म्हणून तो दूर कोपऱ्यात, वर टोपलं पालथं घालून. पहिल्या दिवशी धीर धरवेना. दर थोड्या वेळानं झाकण उघडून पाहिलं आणि संध्याकाळी कच्चं गाजर कुडुमकुडुम चावत बसले. दुसऱ्या खेपेला बार्ली इतकी घातली की डाव उभा राहिला. बायको फोनवर एकेक विचारायची आणि हसायची, आणि तिचं हसू ऐकून पुन्हा थोडी लाज वाटायची. पुढे कधीतरी ते जमलं. गल्लीत वास जाऊ लागला. गिऱ्हाईक विचारायचं, "किल्लेदार, काय शिजतंय?" आणि ते सांगायचे, पण ताठ बसून सांगायची सवय काही परत आली नाही.

हिवाळा सरत आला तेव्हा एके दुपारी गाळ्याशी एक उंच, वाळका माणूस थबकला. गळ्यात मफलर, हातात काठी. किल्लेदारांनी मान वर केली आणि त्यांच्या हातातली कानस खाली पडली. ताईंचा भाऊ होता.

"डॉक्टर म्हणतात चाला," तो म्हणाला आणि न विचारताच स्टुलावर बसला. "चालता चालता वास आला. म्हटलं, हा वास ओळखीचा." त्यानं टोपल्याकडे काठी केली. "त्या दिवशी तुमचं झालं, माझं राहिलं. आज वाढा एक वाटी."

किल्लेदार पुटपुटले, "माफ करा हो मला." भाऊ म्हणाला, "माफी राहू द्या, वाटी आणा. आणि ताईला कळू देऊ नका. ती मला बाहेरचा एक घास खाऊ देत नाही. ही बघा, अशी पाळत असते." आणि त्यानं डोळे मोठे करून दाखवले.

किल्लेदारांनी वाटी घेतली, डाव घेतला, आणि दोन्ही परत टेबलावर ठेवले.

"तसं नाही देणार."

"म्हणजे?"

"ताईंना विचारल्याशिवाय नाही देणार. फोन लावा."

"अहो, काय लहान मुलासारखं!" भाऊ वैतागला. "तिला विचारलं तर ती नाहीच म्हणेल."

"मग नाही."

भावानं त्यांच्याकडे पाहिलं. हा माणूस हटणार नाही हे बहुतेक त्याला दिसलं असावं. करवादत, नाक ओढत त्यानं फोन लावला, दोन शब्द बोलला आणि फोन किल्लेदारांच्या हातात कोंबला. "घ्या. तुम्हीच बोला."

"ताई," किल्लेदार म्हणाले. "मी... किल्लीवाला. भाऊ इथे आलेत. सूप मागतायत. देऊ का?"

पलीकडून शिलाई मशीनचा आवाज येत होता. तो थांबला.

"मिरी किती घातलीय?" ताईंनी विचारलं.

"पाचसहा दाणे. ठेचून."

"तेल?"

"घातलंच नाही."

"कोंबडी हाडावरून सुटलीय का?"

"सुटलीय."

मग ताई म्हणाल्या, "अर्धी वाटी द्या. जास्त नको," आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

किल्लेदारांनी गाळ्याच्या दारातून हात बाहेर काढून ते नीट धुतले, वाटी पुसली, अर्धी भरली. भावानं डोळे मिटून, फुंकर मारत, एकेक चमचा खाल्ला. कपाळावर घाम आला, मफलर सैल केला. वाटी तळाशी खरवडून त्यानं पुढे केली.

"मीठ जरा कमी आहे. पण आणखी वाढा."

"अर्धी म्हणाल्यात त्या."

"अहो, तिला काय दिसतंय!"

किल्लेदारांनी वाटी त्याच्या हातातून काढून घेतली आणि कुकरवर झाकण ठेवलं.

"अर्धी म्हणजे अर्धी," ते म्हणाले.